मृदंगी हात: सप्ताहात दुखणं येऊ नये म्हणून, आणि आलंच तर

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी हात बोलायला लागतो. पहिला दिवस उत्साहात जातो, दुसऱ्या दिवशी गाव ओळखीचं होतं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला मृदंग पुढ्यात ओढताना अंगठ्याच्या मुळाशी नाहीतर कोपराच्या बाहेरच्या अंगाला चमक निघते. आमच्याकडची पोरं सांगतात, "बुवा, हात भरी येस," म्हणजे हात भरून येतो. मग कुणीतरी बाम देतं, कुणीतरी गोळी देतं आणि पोरगं संध्याकाळी हरिपाठाला उभं राहतं. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, नारळ-टोपी मिळते, आणि पुढचे दोन महिने त्याला शर्टाचं बटण लावताना त्रास होतो.

मी अमळनेरचा. मृदंग वाजवतो आणि अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा या पट्ट्यातल्या मुलांना शिकवतो. डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते वाजवण्यातून आलेलं आहे, आणि दुखऱ्या हाताच्या पोरांना जळगावला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेताना त्यांना जे प्रश्न विचारून भंडावून सोडलं त्यातून. मृदंगाबद्दल जास्त लिहीन, कारण माझा हात तिथेच बसलेला आहे. टाळ, पेटी, वीणा, बँड यांच्याबद्दलही थोडं आहे.

आमच्यात एक समज फार पक्का आहे: हात पिटल्याशिवाय बसत नाही, आणि दुखलं म्हणजे हात तयार होतोय. रियाजाने बोटं जड वाटणं, तळवा लाल होणं, नव्या विद्यार्थ्याचे दंड भरून येणं हे ठीक. एक रात्र झोपलं की ते जातं. पण सांध्यापाशी एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं, मुंग्या येणं, पकड सुटणं हा तयारीचा भाग नाही. हात पुष्कळ वाजवल्याने सहसा बिघडत नाही. तो एकदम पुष्कळ वाजवल्याने आणि गरजेपेक्षा जोरात वाजवल्याने बिघडतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

आधी तास मोजा

घरी रोज तासभर रियाज करणारा मुलगा सप्ताहात किती वाजवतो, ते कागदावर मांडून बघा. पहाटे काकडा, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, आणि गाव हौशी असलं तर वर जागर. पाच-सहा तास सहज होतात. म्हणजे रोजच्या पाचपट-सहापट भार, तोही सलग सात दिवस आणि झोप अर्धी. स्नायू त्यातल्या त्यात लवकर सावरतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा मात्र सावकाश तयार होते. तिला आठवडे लागतात, आणि आपण तिला एक दिवसही देत नाही.

म्हणून सप्ताहाची तारीख कळली की किमान तीन-चार आठवडे आधी रियाज वाढवायला घ्या. एकदम दुप्पट नको. आज तास असेल तर या आठवड्यात सव्वा तास, पुढच्यात दीड. एका बैठकीत सगळं उरकण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली की पाच मिनिटं हात मोकळे सोडा. शेवटच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी हरिपाठाची सगळी चाल उभ्याने, गळ्यात मृदंग घेऊन वाजवून बघा. बसून वाजवणारा हात आणि पावली खेळताना वाजवणारा हात यांत फरक पडतो, हे गावात जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

तास मोजताना आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आपल्याकडचा मृदंगी हा बहुतेक वेळा शेतकरीही असतो. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचून बोटांची चाळण झालेली असते, यावल-रावेरकडचा असेल तर केळीचे घड खांद्यावर वाहिलेले असतात. मग मृदंग मोटारसायकलला मागे बांधून खड्ड्यांतून पन्नास किलोमीटर हँडल घट्ट धरून यायचं. वर रात्री झोप लागेपर्यंत अंगठ्याने मोबाइल सरकवायचा. मनगटाच्या हिशेबी हे सगळं एकाच खात्यात जमा होतं. वेचणीच्या ऐन दिवसांत सप्ताह घेतला असेल, तर निदान आदले दोन दिवस वेचणी दुसऱ्यावर सोपवा आणि मृदंग शक्य असेल तर गाडीने पाठवा.

सुपारी घेतानाच फोनवर विचारा: दुसरा मृदंगी आहे का? मंडपाला, जनरेटरला, बॅनरला गावं हात सैल सोडतात. पत्रिकेत आपल्या नावामागे 'मृदंगमणी' छापतात. दुसऱ्या मृदंगीच्या मानधनाची गोष्ट निघाली की मात्र बैठक संपते. माझं स्पष्ट मत आहे की सात दिवसांच्या कार्यक्रमाला एकच मृदंगी ठेवणं बरोबर नाही. काकडा आणि दुपारचं भजन एकाने, हरिपाठ आणि कीर्तन दुसऱ्याने, अशी वाटणी झाली की दोघांचे हात टिकतात. मोठा मृदंगी परवडत नसेल तर शिकत असलेला मुलगा दुपारच्या भजनाला बसवा. त्यालाही बसायला जागा मिळते.

जोर कुठून येतो

घरी मऊ वाजवणारा मुलगा मंडपात का बडवायला लागतो? कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. समोर वीस-पंचवीस जोडी टाळ, बाजूला पेटी, मागे साउंडवाल्याचे बॉक्स. कान म्हणतो, आवाज कमी पडतोय. हात जोर वाढवतो. तुम्ही कितीही बडवलं तरी शेवटच्या रांगेत जातो तो माइकमधला आवाज. ती थाप फक्त तुमच्या मनगटाला लागते.

त्यामुळे हात वाचवण्याचं पहिलं काम साउंडवाल्याशी बोलण्याचं आहे. शाईला (उजव्या, बारीक आवाजाच्या तोंडाला) एक आणि धुमाला (डाव्या, घुमणाऱ्या तोंडाला) एक असे दोन माइक मागा. एकच मिळाला तर तो शाईकडे पण जरा खाली लावा आणि धुमाचा आवाज त्याला वाढवायला सांगा. एक छोटा बॉक्स तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा, त्यात मृदंगाचा आवाज थोडा जास्त. कीर्तन सुरू होण्याआधी दहा मिनिटं लवकर जाऊन, टाळकरी उभे असताना, तुमच्या नेहमीच्या जोराने वाजवून हे लावून घ्या. साउंडवाला कुरकुर करतो, करू द्या. त्याला चहा पाजा.

दुसरं, वाद्य. धुमावर लावलेली कणीक सुकली की घुमारा जातो आणि डावा हात तो घुमारा जोराने काढायला बघतो. कोपराच्या दुखण्याचं हे एक कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. उन्हाळ्यात आपल्याकडे कणीक बघता बघता कडक होते. ओलं फडकं आणि मळलेल्या कणकेचा गोळा डब्यात जवळ ठेवा, मध्ये वेळ मिळाला की बदला. पावसाळ्यात उलट होतं: हवेतल्या ओलीने पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरते, आवाज बसतो आणि बोटं जास्त आपटतात. पुडी जुनी होऊन बसकी झाली असेल तर ती बदलण्याचा खर्च आधी करा. फार चढवलेली, दगडासारखी पुडीही बोटांच्या पेरांना तितकीच वाईट. कीर्तनकाराची पट्टी उंच असेल तर त्या पट्टीचा वेगळा मृदंग न्यावा. एकालाच हातोडीने ठोकून ठोकून वर चढवू नये.

तिसरं, आपली थाप. विद्यार्थ्यांना मी एक परीक्षा देतो. 'धा' हा बोल वाजवून हात पुडीवरून उठल्यावर तिथेच थांबा आणि बघा: खांदा कानाकडे चढलाय का? अंगठा ताठ होऊन बाहेर काढलाय का? दात आवळलेत का? या तिन्हींपैकी काही असलं तर ताकद वाया चालली आहे. हात आपल्या वजनाने पडायला हवा, आणि पडल्या पडल्या सैल व्हायला हवा. द्रुतात हात आवळतोच असं पोरं म्हणतात. मग लय थोडी उतरवा आणि जिथे आवळायला सुरुवात होते त्याच्या खालच्या लयीत आठवडाभर काढा.

बैठक आणि पट्टा

सपाट सतरंजीवर मांडी घालून तीन तास बसलं की कंबर मागे ढासळते, पाठीला पोक येतो, मान पुढे जाते, आणि त्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दिवसभर ताणलेल्या राहतात. उपाय फुकटचा आहे. गोधडीची जाड घडी बुडाखाली घ्या, फक्त बुडाखाली. गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. मृदंग लांब असेल तर हात फाकून खांदे दुखतात. तो अंगाजवळ घ्या आणि खाली चुंबळ किंवा उशी देऊन इतका वर आणा की मनगट सरळ रेषेत राहील. मनगट मोडून, खाली किंवा वर वाकवून वाजवणं सगळ्यात घातक.

उभ्याच्या मृदंगाचं गणित वेगळं. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर तुमचा मृदंग ठेवून बघा. आठ-दहा किलो सहज भरतो. तो दोन बोटं रुंदीच्या पट्ट्याने नुसत्या मानेवर लटकवून तुम्ही पावली खेळता, उड्या मारता. पट्टा चार बोटं रुंद करून घ्या, आतून फोम किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा शिवून घ्या. तो मानेवर न घेता एका खांद्यावरून तिरपा, किंवा दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुलीसारखा बांधा. कमरेलाही एक उपरणं बांधून मृदंग अंगाशी धरून ठेवा, म्हणजे उडी मारताना तो वेगळा हिंदकळत नाही. मुक्ताईनगरहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या मृदंग्यांना तर दिवसच्या दिवस हे ओझं असतं. तिथे दिंडीत हाताखालची मुलं असतात, मैलामैलाने मृदंग खांद्यावरून खांद्यावर गेला पाहिजे. मानापानाचा प्रश्न करू नका.

जेवणाबद्दल एक. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर माझाही जीव आहे. पण साडेआठला पोटभर बट्टी चेपून नऊला मांडी घालून बसलं की श्वास वर चढतो आणि खांदेही त्याच्याबरोबर चढतात. कीर्तनाआधी दोन बट्ट्या, बाकीच्या नंतर.

पहाटेची थंडी, वैशाखाचं ऊन

मार्गशीर्ष-पौषात तापी-बोरीच्या काठच्या गावांत काकड्याला बोटं अक्षरशः वळत नाहीत. अशा हाताने पहिलीच थाप जोरात मारू नका. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं हात बुडवा, पुसा, मग पाच मिनिटं अंग हलवा: खांदे मागे फिरवणं, हात वर-खाली, मुठी उघडणं-मिटणं. ताणून धरण्याचे व्यायाम थंड हातावर करू नका. ते वाजवून झाल्यावर, हात गरम असताना. सुरुवातीचा ठेका साधा, मध्य लयीतला आणि मऊ हाताचा ठेवा. काकड्याचे पहिले अभंग तसेही सावकाशच चालतात, त्यांचा उपयोग करून घ्या. स्वेटर घाला पण बाह्या कोपरात अडकणार नाहीत असा.

उन्हाचं दुखणं हाताचं नसतं, जिवाचं असतं. वैशाखात आमच्या बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. लग्नसराईतल्या बँडवाल्यांचे हाल तर विचारूच नका: भर दुपारी, जाड झगझगीत कोट घालून, डांबरी रस्त्यावर. तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हं घ्या. ओआरएसची पुडी असेल तर उत्तम. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. वाजवता वाजवता कुणी असंबद्ध बोलायला लागला, भोवळ येऊन पडला, अंग तापलेलं लागलं तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला-काखेत-जांघेत बर्फ लावा आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

टाळ, पेटी, वीणा, ताशा

टाळाची दोरी बोटांना गच्च गुंडाळली की बोट पांढरं पडतं. दोरी जाड, सुती आणि सैल हवी, आणि जागा अधूनमधून बदलावी. टाळ आपटून फोडायचा नसतो; मनगट सैल ठेवून कडेला कड लावली तरी तो वाजतो. हाताला भेगा पडल्या की काही जण त्यात झटपट चिकटणारा गोंद भरतात. तसं करू नका. रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून सुती मोजा घालून झोपा. घट्टे ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल तर अजिबातच नको, जखम चिघळते.

पेटीवाल्याचा भाता ओढणारा डावा खांदा आणि सतत एका बाजूला वळलेली मान धरते. पेटी चार बोटं उंच ठेवा, आणि भात्याची गळती दुरुस्त करून घ्या. गळक्या भात्याला दुप्पट हवा भरावी लागते. पाळीपाळीने वीणा घेऊन उभं राहणाऱ्या, म्हणजे पहाऱ्याच्या वीणेकऱ्याने एकाच पायावर भार देऊन उभं राहू नये. टाचा उचलून पोटऱ्या हलवत राहावं, आणि पाय सुजत असतील तर पहारा तासाचा करून घ्यावा. ढोल-ताशावाल्यांनी काठी मुठीत आवळू नये. साताऱ्या-पुण्याची पथकं बघून कमरेला मोठा ढोल बांधणाऱ्या कॉलेजच्या मुला-मुलींनी पहिल्याच गणपतीत तो बांधू नये, आधी महिनाभर पाठ-पोटाचे व्यायाम करावेत.

बायकांच्या भजनी मंडळांबद्दल वेगळं सांगायला हवं. कणीक मळणं, कपडे पिळणं आणि वर टाळ-ढोलकी, असा अंगठ्यावर दुहेरी भार असतो. लहान बाळाची आई असेल तर बाळाला सतत उचलून अंगठ्याच्या मुळाची कंडरा सुजणं फार सामान्य आहे. अशा ताईला भजनात वीणा द्या, गायला पुढे बसवा, टाळ काही महिने दुसरी घेईल.

कान

हात दुखतो म्हणून कळतं. कान दुखत नाही, फक्त जातो, आणि मोठ्या आवाजाने गेलेला परत येत नाही. कामाच्या जागेसाठी जाणकार जी मर्यादा मानतात ती अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप घ्या आणि एकदा टाळांच्या गराड्यात, एकदा बँजो पार्टीच्या गाडीमागे धरून बघा. ॲप थोडं इकडे-तिकडे दाखवेल, तरी अंदाज येतो. बॉक्सच्या तोंडासमोर बसू नका. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात; पिळून बारीक करून, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. कापसाचा बोळा कामाचा नाही. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा आवाज कोंदट यायला लागला तर तो इशारा आहे. एका कानाने एकाएकी ऐकू येणं बंद झालं तर मात्र सप्ताह संपायची वाट बघू नका. त्याच नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त.

दुखलंच तर

पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याकडे लाजेने लपवतात, पुढची सुपारी जाईल म्हणून. पहिल्या दिवशी सांगितलेलं दुखणं बऱ्याचदा दोन आठवड्यांत निघतं. महिनाभर दाबलेलं सहा महिने घेतं.

वाजवून झाल्यावर दुखतं आणि सकाळपर्यंत जातं, तर वेळ आणि जोर कमी करा, वाजवणं चालू ठेवा. वाजवताना दुखतं, तर अर्ध्यावर आणा, द्रुत बंद करा. नुसतं बसलेलं असताना किंवा रात्री दुखतं, मुंग्या येतात, हातातून पेला सुटतो, तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा. पडून किंवा मार लागून हात सुजला, वाकडा दिसला तर आधी एक्स-रे.

ताज्या दुखण्यावर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जुन्या आखडलेल्या दुखण्याला शेक बरा. सुजलेल्या जागी जोरात चोळू नका, 'नस बसवणाऱ्या'कडे झटका मारून घेऊ नका, आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, मूळ दुखणं तिथेच राहतं. गोळीबद्दल फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला बजावून सांगितलेलं मी सगळ्यांना सांगतो: वेदनाशामक गोळी घेऊन वाजवायला बसू नका. गोळीने इशारा बंद होतो, इजा चालू राहते. शिवाय उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात, उपाशीपोटी जठराला.

काही दुखणी घरी ओळखू येतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीकडे झुकवलं आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर तिथली कंडरा सुजलेली असण्याची शक्यता आहे. पुन्हा पुन्हा करून बघू नका. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटात नस दबत असावी. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा त्यात कामी येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दाब कोपरापाशी असू शकतो: कोपर जमिनीवर टेकून वाचणं, झोपताना हात दुमडणं बंद करा. सकाळी बोट अडकतं आणि कट्ट करून सुटतं, तेही कंडरेचंच. अशी दुखणी मधुमेह आणि थायरॉइड असलेल्यांना जास्त होतात. हात दोन्हीकडचे दुखत असतील तर एकदा साखर तपासून घ्या.

एक प्रकार न दुखणारा आहे आणि तो सगळ्यात फसवा. बाकी सगळी कामं नीट होतात, पण वाजवायला घेतलं की एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं. माणूस समजतो रियाज कमी पडला आणि दुप्पट करतो, तसं ते वाढतं. अमेरिकेतला मोठा पियानोवादक लिऑन फ्लाइशर याचा उजवा हात १९६४ मध्ये असाच गेला. पुढे अनेक वर्षं तो डाव्या हाताच्या रचना वाजवत आणि शिकवत राहिला, आणि १९९० च्या दशकात उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. बोट असं ऐकेनासं झालं तर रियाज थांबवून मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरला दाखवा.

परत हात बसवणं

विश्रांती म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नाही. दुखत नाहीत त्या हालचाली चालू ठेवायच्या. आणि मृदंगाला हात लावता येत नाही त्या काळात पढंत करा. माझ्याकडे पारोळ्याकडचा एक मुलगा असा सक्तीने पढंतीला बसला होता. तोंडाने बोल म्हणायचे, डाव्या हाताने टाळी-खाली. परत वाजवायला लागला तेव्हा त्याचे तुकडे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आधीपेक्षा नेमके येत होते. हात बंद असताना कान आणि जीभ शिकतात, हे मी आता चांगल्या हाताच्या मुलांनाही करायला लावतो.

दैनंदिन कामात दुखणं थांबलं की सुरुवात पाच मिनिटांनी. मग दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. साधा भजनी ठेका, मऊ हात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तर दोन-तीन दिवसांनी पाचाची सात मिनिटं करा, मग दहा. दुखलं तर मागच्या पायरीवर या. सगळं सोडून द्यायची गरज नाही. आधी वेळ वाढवा, मग लय, जोर सगळ्यात शेवटी. गळ्यातला मृदंग त्याच्याही नंतर. सलग तासभर त्रास न होता वाजवता येईपर्यंत सात दिवसांची सुपारी घेऊ नका; एक दिवसाचं कीर्तन घ्या.

डॉक्टरकडे जाताना

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हाडांचा विभाग आहे. तिथे "हात दुखतो" एवढंच सांगितलं तर "काम कमी करा" एवढंच उत्तर मिळणार. डॉक्टरांनी मृदंग वाजवताना माणूस जवळून पाहिलेला असेलच असं नाही. म्हणून मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या: एक समोरून, एक बाजूने, एक उभ्याने पट्टा घालून. दिवसाचे तास लिहून न्या, शेतातलं कामही त्यात लिहा. कोणत्या बोलाला दुखतं ते दाखवा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या. कुणी दुखऱ्या जागी इंजेक्शन सुचवलं तर ते कशाचं, किती वेळा, आणि त्यानंतर किती दिवस वाजवायचं नाही, हे विचारून घ्या. एखाद्या वेळी त्याचा चांगला उपयोग होतो, पण दर सप्ताहाआधी एक असा रतीब लावायचा नाही. आणि "विश्रांती घ्या" म्हटलं की विचारा: पूर्ण बंद की अर्धं, किती दिवस, परत सुरू कसं करायचं आणि व्यायाम कोणते. व्यायाम सांगितले तर ते तुम्ही करताना घरच्या कुणाला तरी शूट करायला सांगा, म्हणजे घरी गेल्यावर विसरायला होत नाही.